गच्चीवरची गुळवेल

स्वाती (ए-३०४): नमस्कार. आईला काल संध्याकाळी हॉस्पिटलमधून घरी आणलं. कावीळ आहे. लिव्हरची सूज दाखवणारं एसजीपीटी ६१२, हवं ४० च्या आसपास. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कुठला काढा घेता का? दोन महिने रोज सकाळी गच्चीवरच्या गुळवेलीचा काढा चालू होता. ज्यांनी ज्यांनी ती वेल नेली आहे, त्यांनी कृपया आजपासून बंद करा.

नितीन (सेक्रेटरी): अरे बापरे. काळजी घ्या. काही लागलं तर हक्काने सांगा.

लता मावशी (बी-४०१): बाई गं! परवाच लिफ्टमध्ये भेटल्या होत्या. मी पण घेतेय की तोच काढा!!

श्रीकांत काका (ए-५०१): आईंना लवकर बरं वाटो. गच्चीचा विषय निघालाच आहे म्हणून, कुंड्यांचं पाणी माझ्या बेडरूमच्या छतातून झिरपतंय. फोटो टाकतोय.

मंदा काकू (बी-१०२): स्वाती, वाचून हातपाय गळाले. पण गुळवेलीने कावीळ होते हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकते. आमच्या गावी कडुनिंबावरची गुळवेल तापाला पिढ्यानपिढ्या देतात. तिला अमृतवेल म्हणतात ते उगाच नाही. बाहेरचं पाणी, बाहेरचं खाणं यातूनही कावीळ होते.

स्वाती (ए-३०४): काकू, ए आणि ई दोन्ही कावीळींच्या तपासण्या झाल्या, निगेटिव्ह आल्या. आई बाहेरचं खात नाही हे तुम्हालाही माहीत आहे.

ओंकार (बी-३०३): २०२० मध्ये अख्खी बिल्डिंग काढा पीत होती, तेव्हा कोणाला काही झालं नाही.

स्वाती (ए-३०४): तो तुळस, सुंठ, दालचिनी, मिरी, मनुकांचा होता. त्यात गुळवेल नव्हती. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेले ६ रुग्ण नोंदवले, काल रात्री वाचलं.

मंदा काकू (बी-१०२): ते आयुष मंत्रालयाने खोडून काढलं आहे. अर्धंच वाचू नये.

डॉ. वैशाली (बी-२०३): दोघींचंही ऐकलं, आता जरा माझं ऐका. मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, हे बरोबर. पण २०२२ च्या सूचनेत त्यांनीच म्हटलं की गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी एक जात आहे, तिची गल्लत करू नका. दोघींची पानं हृदयाच्या आकाराची. पानावरून ओळखायला गेलात तर फसाल, खोड बघा. गुळवेलीची साल कागदासारखी सुटते, नखाने खरवडलं की आत हिरवं. आडवा काप घेतला तर गाडीच्या चाकासारख्या आऱ्या दिसतात. दुसरीच्या खोडावर चामखिळीसारखे उंचवटे असतात. आणि खरी गुळवेल असली तरी ज्यांना ऑटोइम्यून आजार आहे, म्हणजे स्वतःची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, त्यांनी आपल्या मनाने घेऊच नये. थायरॉईडही बऱ्याचदा त्यातलाच असतो. स्वाती, आईंना थायरॉईड आहे ना?

स्वाती (ए-३०४): हो. १५ वर्षं गोळी चालू आहे.

श्रीकांत काका (ए-५०१): छताचा फोटो पुन्हा टाकतोय, मघाशी कोणी पाहिलेला दिसत नाही.

नितीन (सेक्रेटरी): पाहिला काका. मीटिंगमध्ये घेऊ.

श्रीकांत काका (ए-५०१): मागच्या मीटिंगमध्येही घेतला होता.

प्राची (ए-१०१): मग बाकीच्या झाडांचं काय? मी अडुळसा नेते. खोकल्याला खरंच गुण येतो.

डॉ. वैशाली (बी-२०३): येतो. पानं वाफवून पिळायची, रस मधातून. ब्रोमहेक्सिन हे कफाचं औषध अडुळशातल्याच द्रव्यावरून तयार झालं. पण गरोदरपणात अडुळसा नको. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको, चाटवण्यापुरताही नको.

प्राची (ए-१०१): अहो, मावशींनीच सांगितलं होतं बाळाला चाटव म्हणून!

लता मावशी (बी-४०१): माझी तिन्ही मुलं मधावरच वाढली. आजकाल सांगायची सोय नाही.

ओंकार (बी-३०३): पानओव्याची भजी चालतात ना डॉक्टर? आमच्याकडे तेवढाच औषधोपचार होतो.

डॉ. वैशाली (बी-२०३): चालतात. गवती चहा, पुदिना, आलं बिनधास्त वापरा. कोरफड कापली की पान दहा-पंधरा मिनिटं उभं धरून पिवळा चीक गळू द्या. तो पोटात गेला तर जुलाब होतात.

प्रमोद (बी-५०२): कोरफड राहू दे, माझ्या कुंडीतला कढीपत्ता रोज कोण ओरबाडतंय? नुसता दांडा उरलाय.

श्रीकांत काका (ए-५०१): कुंड्यांखालच्या ताटल्यांत आठ-आठ दिवस पाणी साचतं. तेवढ्यात अंड्याचा डास होतो, डेंग्यूचा. आणि तेच पाणी माझ्या छतात. फोटो खाली देतोय.

मंदा काकू (बी-१०२): रोज पहाटे सहाला गच्चीवर कोण जातं? मी. ऐन उन्हाळ्यात बादल्या कोणी चढवल्या? ताप आला की पहिला फोन मला येतो, "काकू, चार पानं द्या." तेव्हा ताटल्या दिसल्या नाहीत कोणाला.

नितीन (सेक्रेटरी): काकू, तुमचे कष्ट सगळ्यांना माहीत आहेत. वैयक्तिक घेऊ नका.

स्वाती (ए-३०४): काकू, तुम्ही मायेनेच दिलंत. पण आईचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेत. मी ते रोज बघतेय.

डॉ. वैशाली (बी-२०३): वेल आणली कुठून होती?

मंदा काकू (बी-१०२): रस्त्याकडेच्या रोपवाल्याकडून. गिलोय म्हणून दिली.

(दुपारी १२:४०)

मंदा काकू (बी-१०२): वैशाली, खोडाचा फोटो टाकलाय. बघ गं.

डॉ. वैशाली (बी-२०३): उंचवटे दिसताहेत. कापून आणा, हातात घेऊन बघते. फोटोवरून ठाम सांगणार नाही, पण ही मी कोणाला दिली नसती. लता मावशी, तुम्ही आणि ज्यांनी घेतली त्यांनी लिव्हरची तपासणी करून घ्या. लघवी गडद पिवळी, भूक नाही, मळमळ असेल तर आजच.

लता मावशी (बी-४०१): मला कालपासून मळमळतंय का मनाचे खेळ आहेत कळत नाही.

प्रमोद (बी-५०२): कढीपत्त्याचं कोणी बोललंच नाही.

मंदा काकू (बी-१०२): मुळासकट उपटली. एक तुकडा वैशालीकडे दिला, बाकी पोत्यात बांधून ठेवलीय, कोणी नेऊ नये म्हणून. ताटल्याही उपड्या केल्या, श्रीकांतराव. स्वाती, संध्याकाळी आईंना बघायला येऊ का?

स्वाती (ए-३०४): या. आईच मघापासून विचारतेय, मंदा आली नाही म्हणून. फक्त येताना काही आणू नका, काकू.