मदत हवी आहे: मंगळावरच्या पेवात मुडदा कसा पाडावा?

हळकुंड

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी विनोदी रहस्यकथा लिहायला घेतली आहे. घडते मंगळावर, माणसं सगळी सांगलीची. विनोद जमतोय, खून जमेना.

वस्तीचं नाव नवं हरिपूर. जुन्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवायचे हे सांगलीकरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी: तोंड अरुंद, पोट मोठं असा खोल खड्डा. तोंड बंद केलं की आत हवा खेळत नाही, कीड लागत नाही, माल वर्षानुवर्षं टिकतो. 2005 च्या महापुरात बरीच पेवं बुडाली. माझ्या कथेतल्या अडत्याचं म्हणणं असं की मंगळावर ना कृष्णा ना वारणा, पुराची कटकटच नाही, तेव्हा पेव काढावं तर तिथंच.

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मंगळावर पिकलेली हळद त्या नावानं विकता येणार नाही. म्हणून हा गडी पेवातला अस्सल माल काढून तिथं मंगळी हळद भरतो. (मंगळी हळद नवरीला लावावी की नाही यावरून दोन विहिणींचं भांडण लिहून झालंय. ते कापायला सांगू नका.) तोलाईदाराला संशय येतो आणि तो पेवात मेलेला सापडतो.

तपासाला एकच हवालदार, आणि त्याचे साहेब बसलेत सांगलीत. निरोप एका बाजूनं पोचायलाच 3 ते 22 मिनिटं लागतात, ग्रह कुठं आहेत त्यावर. "साहेब, आरोपी पळतोय, धरू का?" याचं उत्तर येईपर्यंत आरोपी जेवून वामकुक्षीला.

आता अडचणी. एक, तिथं गुरुत्वाकर्षण आपल्या 38 टक्के, म्हणजे 50 किलोचं पोतं 19 किलोसारखं वाटेल. मग एकटा हमाल तीन पोती घेऊन पळू शकेल ना? दोन, गुन्हा नोंदवायचा कुठं? आणि मुख्य, खून. पेव उघडल्यावर कुणी लगेच उतरत नाही, आधी आत कंदील सोडतात. विझला तर थांबायचं. मंगळाच्या हवेत 95 टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. बाहेरच्या बाजूनं पेवाला भोक पाडलं की झालं, असं योजलंय. चालेल का?

विश्रामबागकर

भोक पाडू नका राव. बाहेरच्या हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी. बाहेरचं आत यायचं लांबच, वस्तीतलीच हवा बाहेर जाईल. तोलाईदाराबरोबर अडत्यापण खपला म्हणजे कथा तिसऱ्या पानावर संपली.

पोत्यांचं म्हणाल तर उचलेल, पण वळणावर थांबता येणार नाही. वजन घटलं तरी वस्तुमान तेच. दीड क्विंटल माल घेऊन पळणारा गडी सरळ भिंतीत जाणार. हवालदाराला भिंतीवर माणसाएवढा पिवळा ठसा सापडू दे की!

काळा_कोट

1967 च्या बाह्य अवकाश कराराचं कलम 8 बघा. यान ज्या देशानं नोंदवलं, त्याचाच त्यावर आणि आतल्या माणसांवर अधिकार. शिवाय भारतीय नागरिकानं देशाबाहेर कुठंही गुन्हा केला तरी भारतीय न्याय संहिता लागू होते. पण अशा गुन्ह्याचा खटला चालवायला केंद्राची पूर्वपरवानगी लागते. 22 मिनिटांचं काय घेऊन बसलात? त्या फायलीवर अख्खी मालिका होईल.

कृष्णाकाठ

मी आर्गॉन सुचवतो. नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीवरच्या मॉक्सी यंत्रानं 2021 ते 2023 मध्ये मंगळाच्या हवेतून 122 ग्रॅम ऑक्सिजन काढून दाखवला. तुमच्या वस्तीत असलाच मोठा प्लांट असणार. तिथल्या हवेत सुमारे 2 टक्के आर्गॉन आहे, तो त्या प्लांटमधूनच बाजूला काढता येईल. रंग नाही, वास नाही, हवेपेक्षा जड. अरुंद तोंडाच्या पेवात सोडला तर तळाशी साचेल.

कार्बन डायऑक्साइडनं जीव घुसमटतो. माणूस धडपडतो, ओरडतो, आणि धोक्याची घंटाही तोच वायू मोजत असते. आर्गॉनला ती गप्प राहील. ऑक्सिजनचा मीटर तेवढा अडत्यानं आधीच "दुरुस्तीला" पाठवलेला दाखवा. कंदील मात्र लगेच विझला असता. पण वस्तीत उघड्या ज्योतीला बंदी असणारच, म्हणून तोलाईदार तसाच उतरला.

हळकुंड

कृष्णाकाठ, दंडवत! भिंतीवरचा ठसापण घेतला. आता हवालदार पंचांसमोर पेवात कंदील सोडून दाखवतो आणि आधी त्याच्यावरच ज्योत बाळगल्याचा गुन्हा दाखल होतो.

फक्त एक सांगा. अंतराळ स्थानकात ज्योत गोल होते असं वाचलंय, गरम हवा वर जात नाही म्हणून. मंगळावर थोडंफार गुरुत्वाकर्षण आहे, तर तिथं कंदिलाची ज्योत दिसेल कशी? चित्रकाराला उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय.