चर्चा: भिंतीमागचं दिसतं की नाही, हे भिंतीनं ठरवावं की फूटप्रिंटनं (म्हणजे तिच्या पायाच्या हद्दीनं)?

इंचपट्टी
वॉरहॅमर ४०,००० या टेबलावर छोट्या मूर्तींनी खेळायच्या युद्धखेळाच्या १०व्या आवृत्तीत (२०२३) रुइनच्या (पडक्या इमारतीच्या) फूटप्रिंटच्या आरपार किंवा वरून दिसत नाही, मग भिंत ३ इंच असो की ९. बाहेरून आतलं दिसतं. पूर्णपणे आत असलेल्या मिनीला (छोट्या मूर्तीला) बाहेरचंही दिसतं. विमानांना सूट आहे. माझ्या मते हाच नियम टेकड्या आणि जंगलांनाही लावावा. मिनीच्या मागे डोळा लावून दृष्टिरेषा ठरवणं स्पर्धेत नकोच. ५व्या आवृत्तीत (२००८) निदान शस्त्र, झेंडा, पंख धरत नसत, शरीर दिसावं लागे. ८व्यापासून कुठलाही भाग दिसला तरी पुरतो. अँटेनाचं टोक भिंतीवर आलं की अख्खा रणगाडा उघडा पडतो.

रंगकाम_आधी
अजिबात पटत नाही. १२ × ६ इंचांच्या एमडीएफच्या तुकड्यावर गुडघाभर ढिगारा आणि तीन मजली मनोरा, दोन्ही सारखंच अडवणार असतील तर मनोरा बांधायचा कशाला? म्हणून तर जिकडेतिकडे त्याच काटकोनी भिंती दिसतात.

शिवाय वाद मिटत नाहीत, ते जमिनीवर उतरतात. रणगाड्याचं नाक २ इंच फूटप्रिंटमध्ये आहे, मागचा भाग बाहेर. पलीकडच्या शत्रूला तो दिसतो, कारण आत पाहता येतं. रणगाड्याला मात्र शत्रू दिसत नाही, कारण तो पूर्ण आत नाही. हे कुठल्या युद्धात घडतं? आणि आतल्या भिंतींना खरी दृष्टिरेषाच (डोळ्याला प्रत्यक्ष दिसेल तेच) लागू असल्यामुळे बऱ्याच स्पर्धांत तळमजल्याच्या खिडक्या बंद धरा, असं वेगळं सांगावं लागतं.

इंचपट्टी
नाकाचा मुद्दा बरोबर आहे, पण तो मोजता येतो. बेसची (मूर्तीखालच्या चकतीची) कड फूटप्रिंटच्या आत आहे की बाहेर, हे वरून दोघांनाही सारखंच दिसतं. डोळ्याच्या पातळीवरून दोघांना कधीच एकसारखं दिसत नाही. त्यात एकाच पथकातला गुडघ्यावर बसलेला सैनिक लपतो आणि १० मिमी कॉर्कवर उभा केलेला मरतो. दोघांचे गुण सारखे! सुंदर बेस करणाऱ्याला नियमानं शिक्षा का?

एस२_वाला
या प्रश्नाचं उत्तर इन्फिनिटी या दुसऱ्या मूर्तींच्या खेळात आहे: सिल्हूट. मूर्तीची पोझ सोडून द्यायची, तिच्या जागी ठरलेल्या मापाचं नळकांडं धरायचं. एस२ म्हणजे २५ मिमी बेसवर ४० मिमी उंचीचं नळकांडं, आणि त्यातला किमान ३ × ३ मिमी भाग दिसायला हवा. २ मिमी ॲक्रिलिकचा २५ × ४० मिमी तुकडा कापा आणि बेसवर उभा धरा, झालं.

भिंती बांधतानाही हाच हिशेब. दोघेही सपाट जमिनीवर असतील आणि समोरचा भिंतीला चिकटून उभा असेल तर ३५ मिमी भिंतीवर ५ मिमी उरतात, म्हणजे दिसतो. ३८ मिमीवर २ मिमी उरतात, म्हणजे दिसत नाही. पण ३८वर थांबू नका. पाया ओलसर हवेत वाकतो, एक टोक २ मिमी खाली बसलं की निकाल उलटतो. सरळ ४५ मिमी कापा. छतावरून मारणाऱ्यासाठी मात्र हा हिशेब चालत नाही, तिथे तुकडा धरूनच बघावं लागतं.

रंगकाम_आधी
एकेकट्या सैनिकांच्या खेळात सिल्हूट मला मान्य आहे. पण पंख पसरलेला राक्षस किंवा वीस इंचांवरून दिसणारा नाइट (अवाढव्य यांत्रिक योद्धा) कुठल्या नळकांड्यात बसवणार? वॉरहॅमरच्या १०व्या आवृत्तीत टॉवरिंग (अतिउंच) मिनींना सुरुवातीला रुइनच्या आरपार दिसायचं. ते इतकं भारी पडलं की नियम बदलून त्या रुइनमध्ये असतील तरच बाहेर दिसेल असं करावं लागलं. नजरेऐवजी नियम आणला की त्याला अपवाद जोडत बसावं लागतं.

मैदान_मांडणी
तुम्ही सगळेच नियमावर भांडताय, पण भांडणं बहुतेक वेळा मांडणीतून निघतात. फूटप्रिंट चिकटवलेला नसला की हात लागून सेंटीमीटरभर सरकतो आणि तिसऱ्या फेरीत रणगाडा अचानक उघडा दिसतो. ६० × ४४ इंचांच्या टेबलावर प्रत्येक फूटप्रिंटच्या दोन कोपऱ्यांना मास्किंग टेपच्या खुणा करा. फासे हातात घेण्याआधी प्रत्येक तुकड्याकडे बोट दाखवून बोला: हा रुइन की नुसता अडथळा? खिडक्या बंद की उघड्या? हद्द पायाच्या कडेपर्यंत की भिंतीपर्यंत?

रेषा पाडणारा लेझर वापरा, डोळ्यांच्या उंचीवर नको. त्याची रेषा लांबवर २-३ मिमी जाड होते, म्हणून तिची कुठली कड धरायची तेही आधीच ठरवा. माझं मत: रुइनना फूटप्रिंट, टेकड्या आणि बॅरिकेडना खरी नजर.

इंचपट्टी
टेकडीला खरी नजर दिली की १० मिमी कॉर्कचा प्रश्न तिथेच परत उभा राहतो. टेकडीलाही उंचीचा आकडा द्या. ४थ्या आवृत्तीत (२००४) उंचीचे १ ते ३ गट होतेच.

रंगकाम_आधी
आणि तेव्हा ४ इंचांच्या टेकडीवरून समोर स्पष्ट दिसणारा शत्रू नियमानं अदृश्य व्हायचा. बॅरिकेडबाबत मैदान_मांडणींशी सहमत, खिडक्या मात्र उघड्याच हव्यात.