ताण, तणाव, दडपण : वर्दीवर आणि बंदोबस्तावर

पुण्यातले अग्निशमन दलाचे जवान आणि पोलीस, दोघांनाही नोकरीचा मानसिक त्रास किती आणि कसा होतो, यासाठी मराठीत प्रश्नावली करते आहे. पहिल्याच वाक्यावर अडले : ‘कामामुळे तुम्हाला तणाव जाणवतो का?’ एका हवालदारांनी उलट विचारलं, ‘कुठल्या भागात?’ त्यांच्या लेखी तणाव म्हणजे दोन गटांतला. मग ‘ताण’ लिहू की ‘दडपण’? दोन्हीकडे चालेल असा एक शब्द सुचवाल का?

—

ताई, एकच शब्द शोधू नका. क्रियापदं बघा, फरक तिथे कळतो. तणाव निर्माण होतो आणि निवळतो, म्हणजे तो परिस्थितीत असतो. ताण पडतो, पण ‘पोलिसांवर ताण’ असा मथळा वाचला की आपल्याला अपुरं मनुष्यबळ आठवतं, माणसाचं मन नाही. दबाव कुणीतरी आणतं. दडपण मात्र ज्याला येतं त्याचंच असतं.

‘वर्दी’ हा शब्द तर फार जपून वापरा. अग्निशमन दलात वर्दी म्हणजे खबर. १०१ वर फोन आला की वर्दी मिळाली, गाडी निघाली. (शाळेची मुलं नेणारे रिक्षावालेही ठरलेल्या फेरीला वर्दीच म्हणतात.) पोलिसांच्या बाबतीत मात्र वर्दी म्हटलं की अंगावरची खाकी डोळ्यांपुढे येते. ‘वर्दीचा ताण’ लिहिलंत, तर दोन खात्यांतली माणसं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतील.

आणि त्रासही वेगळाच आहे. जवानाची वर्दी आटोपते. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस बाहेर येतो, पावसाळ्यातली झाडपडी रस्त्यातून हटते. पण गाढ झोपेतून उठून थेट गाडीत चढायचं, हे शरीर विसरत नाही. अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळातल्या कर्तव्यावरच्या मृत्यूंचा अभ्यास झाला होता. तिथे अग्निशामकांच्या हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंपैकी ३२ टक्के प्रत्यक्ष आग विझवताना झाले होते, आणि त्या कामात त्यांचा वेळ जेमतेम १ ते ५ टक्के जातो. म्हणून जवानांना ‘ताण’ विचारण्यापेक्षा धडधड, दचकून जाग येणं, परत आल्यावर झोप न लागणं हे विचारा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण ‘ताण नाही’ असं सांगणारा जवानसुद्धा झोपेबद्दल खरं बोलतो.

—

माझे मिस्टर पोलीस खात्यात आहेत. आमच्या घरात ताण, तणाव यातलं काहीच कुणी म्हणत नाही. ‘बंदोबस्त लागला’ एवढंच. पालखी, गणपती, निवडणूक, मग रजा रद्द. विसर्जनाला घाटावर अग्निशमनचे जवानही रात्रभर उभे असतात, पण लोक त्यांच्याशी हुज्जत घालत नाहीत. पोलिसाला दिवसभर ऐकून घ्यावं लागतं, रस्त्यावर लोकांचं आणि ठाण्यात साहेबांचं. शिवाय डोक्यावर कोर्टाची तारीख. आरोपी अटकेत असेल तर गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलंच पाहिजे, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. याला मी तरी दडपणच म्हणेन. वर्दी आटोपते तसं हे आटोपत नाही, एक तारीख गेली की दुसरी असतेच.

—

वहिनींनी नेमकं सांगितलं. पोलिसांसाठी २००६ साली कॅनडात एक प्रश्नावली तयार झाली, तिच्यातही दोन स्वतंत्र याद्या आहेत : एक प्रत्यक्ष कामाची, दुसरी खात्याच्या कारभाराची. मराठीत ‘कामाचा त्रास’ आणि ‘खात्याचा त्रास’ असं सरळ लिहिता येईल. ‘संघटनात्मक तणाव’ लिहू नका, कर्मचारी संघटनेतलं भांडण वाटेल.

—

दोघांचेही आभार. ‘त्रास’ हा शब्द दोन्हीकडे चालेलसं दिसतंय. पहिला प्रश्न आता असा केला आहे : ‘गेल्या महिन्यात कामाच्या विचाराने किती वेळा झोप मोडली?’ पोलिसांसाठी त्याखाली ‘वरिष्ठांचं दडपण येतं का?’ असं आहे. इथे ‘वरिष्ठ’ ठेवू की ‘साहेब’? छापील कागदावर ‘साहेब’ वाचून शिपाई मोकळेपणाने उत्तर देतील का, हे वहिनींनी सांगावं.