मेक गुपचूप होतं, इम्पोर्टला मात्र ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’: जीएनयू रेडिओच्या मॉड्यूलला बाहेरची लायब्ररी कशी जोडायची?

नवखा_रिसीव्हर

मंडळी, जीएनयू रेडिओ (रेडिओ सिग्नलवर प्रक्रिया करायचं सॉफ्टवेअर) ३.१०, उबुंटूवर. जीआर_मॉडटूल वापरून ‘फ्रेमडेक’ नावाचं आउट-ऑफ-ट्री (मूळ सॉफ्टवेअरच्या बाहेर बांधायचं) मॉड्यूल काढलंय, त्यात सध्या एकच ब्लॉक आहे. डिकोडिंगचं खरं काम सी-मध्ये लिहिलेली एक वेगळी लायब्ररी करते. तिची एसओ (शेअर्ड लायब्ररीची) फाइल यूएसआर-लोकल-लिबमध्ये आहे, हेडर त्याच्या शेजारच्या इन्क्लूडमध्ये. ब्लॉकच्या वर्क फंक्शनमधून तिचं ‘डिकोड_फ्रेम’ बोलावतो, एवढंच.

सीमेक (बिल्डची तयारी) नीट चालतं, मेक (प्रत्यक्ष बांधणी) नीट होतं, मेक इन्स्टॉलही. फ्लोग्राफ (ब्लॉक एकमेकांना जोडून केलेला आराखडा) चालवला की मात्र इम्पोर्टच्या ओळीवरच आडवं येतं:

इम्पोर्टएरर: लिबजीएनयूरेडिओ-फ्रेमडेक.एसओ: अनडिफाइन्ड सिम्बॉल: _झेड१२डिकोड_फ्रेमपीकेएफआय

सगळ्यात वरच्या सीमेकलिस्ट्समध्ये फाइंड_लायब्ररी आणि लिंक_डिरेक्टरीज दोन्ही लिहिलंय. हीच लायब्ररी छोट्या सी प्रोग्रॅमला जोडली तर व्यवस्थित चालते. मग इथे काय बिनसतंय?

खरखर

सुडो एलडीकॉन्फिग मारा, सिस्टम लायब्ररींची यादी नव्याने करेल. बहुतेक वेळा तेच असतं.

नवखा_रिसीव्हर

मारून झालं. एलडी_लायब्ररी_पाथही (लायब्ररी कुठे शोधायची तो पत्ता) लावून पाहिला. ढिम्म फरक नाही.

जुना_सुपरहेट

पडणारच नाही. एलडीकॉन्फिग लागतं ते फाइलच सापडत नसेल तेव्हा, आणि त्याचा संदेश वेगळा असतो: ‘कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’. तुमची फाइल उघडली गेलीये, आतलं नाव जुळत नाहीये. हे दोन संदेश लोक सर्रास एकाच पोत्यात भरतात आणि मग तासन्‌तास पाथ बदलत बसतात.

आधी मेक गप्प का राहिलं ते सांगतो. लिनक्सवर एक्झिक्युटेबल बांधताना एखादं नाव सापडलं नाही तर लिंकर (बांधलेले तुकडे जोडून फाइल बनवणारा) तिथल्या तिथे बोंब मारतो. एसओ बांधताना मात्र तो सोडून देतो, कारण लोड होताना ते नाव दुसरीकडून मिळेल असं गृहीत धरलेलं असतं. त्यामुळे लायब्ररी जोडलीच नाही तरी मेक शंभर टक्के दाखवून मोकळं होतं आणि हिशेब पायथनच्या दारात निघतो.

आता तुमचं. फाइंड_लायब्ररी फक्त शोधते आणि पत्ता व्हेरिएबलमध्ये ठेवते. लिंक_डिरेक्टरीज कुठे शोधायचं ते सांगते. जोडत दोघीही नाहीत. ‘लिब’ फोल्डरमधली सीमेकलिस्ट्स उघडा. तिथे टार्गेट_लिंक_लायब्ररीजची ओळ जीआर_मॉडटूलने आधीच लिहून ठेवलेली असते, तिच्यात जीएनयूरेडिओ-रनटाइम दिसेल. तिच्याखाली तशीच आणखी एक ओळ घाला: तेच टार्गेट, मग तुमचं व्हेरिएबल. पायथनच्या बाइंडिंग्ज (सी-प्लस-प्लसचा ब्लॉक पायथनला दाखवणारा कोड) फोल्डरात काही घालू नका, कारण डिकोड_फ्रेम बोलावणारा कोड तिथे नाहीच.

एवढं केलंत तरी चालणार नाही. ते नाव पुन्हा वाचा. सुरुवातीला ‘_झेड’ आहे, मग अक्षरांची संख्या १२, मग नाव, मग ‘पीकेएफ’ म्हणजे कॉन्स्ट फ्लोटचा पॉइंटर आणि ‘आय’ म्हणजे इंट. ही सी-प्लस-प्लसची नावं मढवायची पद्धत. तुमची लायब्ररी सी-मधली, तिच्यात नुसतं ‘डिकोड_फ्रेम’ असणार. एनएम -डी (फाइलीतली नावं दाखवणारी कमांड) दोन्ही फाइलींवर चालवा: लायब्ररीत टी (नाव इथेच आहे) आणि साधं नाव, मॉड्यूलमध्ये यू (बाहेरून हवंय) आणि ते लांबलचक. हे दोघं जन्मात भेटणार नाहीत. हेडरमध्ये एक्स्टर्न "सी" (नावं सी-सारखी साधीच ठेवायची सूचना) नाहीये, त्याचा हा परिणाम. हेडर तुमच्या हातातलं नसेल तर तुमच्या कोडमध्ये त्याच्या इन्क्लूडभोवती एक्स्टर्न "सी" चा कंस घाला.

आणि इथे एक चकवा आहे. उबुंटूचा जीसीसी लिंकरला ॲज-नीडेड आपणहून देतो, म्हणजे जिच्यातलं एकही नाव वापरात नाही ती लायब्ररी तो यादीतून उडवतो. एक्स्टर्न "सी" न घालता नुसती लिंकची ओळ घातलीत, तर एलडीडीमध्ये (फाइलीला कोणत्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी कमांड) लायब्ररी दिसणारच नाही आणि ‘ओळीचा काही उपयोग नाही’ असं वाटून तुम्ही ती काढून टाकाल. ओळ बरोबर असते, नाव चुकलेलं असतं.

नवखा_रिसीव्हर

दादा, झालं! एनएममध्ये हुबेहूब तसंच दिसलं, टी एकीकडे आणि यू दुसरीकडे. एक्स्टर्न "सी" घालून पुन्हा बांधलं, आता एलडीडीत लायब्ररी दिसते आणि ब्लॉक फ्रेम सोडतोय. पण हे मेकच्या वेळीच कळायची काही सोय?

जुना_सुपरहेट

आहे. टार्गेट_लिंक_ऑप्शन्समधून लिंकरला नो-अनडिफाइन्ड द्या, म्हणजे अर्धवट एसओ बांधायलाच तो नकार देईल. मी तर नवं मॉड्यूल काढलं की पहिली तीच ओळ घालतो. फक्त ‘लिब’मधल्या टार्गेटला द्या, पायबाइंड११ च्या (म्हणजे पायथन बाइंडिंगच्या) टार्गेटला नाही. त्या फाइलीतली पायथनची नावं मुद्दाम उघडी ठेवलेली असतात, ती चालू इंटरप्रिटरकडून मिळतात. तिथे हा पर्याय लावलात तर उगाच शेकडो ओळींचा आरडाओरडा.

आणि बाहेरचं हेडर इम्प्ल.सीसी फाइलमध्येच ठेवा, ब्लॉकच्या पब्लिक हेडरमध्ये आणू नका. पब्लिक हेडर बदललं की बाइंडिंगमध्ये नोंदवलेला हॅश (हेडरच्या मजकुराचा ठसा) जुळत नाही आणि सीमेक तक्रार करतं. शिवाय तुमचं मॉड्यूल वापरणाऱ्या प्रत्येकाला मग तेही हेडर लागतं.

खरखर

माझ्याकडे अशाच एका लायब्ररीची फक्त ए (स्टॅटिक लायब्ररीची) फाइल आहे, एसओ नाहीच. जोडताना ‘रीकम्पाइल विथ -एफपिक’ म्हणून अडतं. मॉड्यूलच्या सीमेकमध्ये पोझिशन_इंडिपेंडंट_कोड ऑन केलं तरी तेच.

जुना_सुपरहेट

मॉड्यूलचा कोड आधीच तसा (मेमरीत कुठेही ठेवता येईल असा, एफपिकने) बांधला जातो, अडचण त्या ए फाइलच्या आतल्या ऑब्जेक्ट्सची आहे. ती लायब्ररीच एफपिक लावून नव्याने बांधायला हवी. सोर्स नसेल तर ज्याने ती दिली त्याच्याकडे एसओ मागा.

नवी फाइल वेगळ्या जागी ठेवलीत तर बिल्ड फोल्डर उडवून सीमेक पहिल्यापासून चालवा. फाइंड_लायब्ररीला एकदा सापडलेला पत्ता कॅशमध्ये राहतो, पुढच्या वेळी ती शोधायला जातच नाही.