मदत हवी आहे: बोरघाटातल्या जुन्या रेल्वेमार्गाचे नकाशे

नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीचा. सध्या उल्हास नदीच्या खोऱ्याचे आणि बोरघाटातल्या रेल्वेचे जुने नकाशे जमवतोय. १८६३ मध्ये घाटातली लाइन सुरू झाली तेव्हा खंडाळ्याजवळ गाडी उलटी फिरवायचं स्थानक होतं, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे. चढ ३७ ला १ (३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर), दुसरा इलाजच नव्हता. १९२९ मध्ये नवीन बोगद्यांमुळे ते बंद झालं. मला नेमकी ती जुनी वाट आजच्या नकाशावर बसवायची आहे.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या एक इंच एक मैल मापाच्या ४७ एफ/५ या शीटचं एक स्कॅन मिळालंय, पण कागदाची घडी नेमकी घाटातल्या ठाकूरवाडीवरून गेलीय आणि तिथल्या समोच्चरेषा एकमेकींत मिसळल्यात. वैताग नुसता!

१९२९ च्या आधीची आवृत्ती मुंबईत कुणी पाहिलीय का? काळाघोड्याच्या पुराभिलेखागारात की एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात? फोटो काढू देतात का?

दुसरं, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना नकाशा बसवताना सगळं सरकतंय. जुना नकाशा एव्हरेस्ट डेटमवर (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा आधार), जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्या डेटमवर, तेवढा फरक कळतो. पण दोन्ही नकाशे जुळवायला खुणेचे बिंदू कोणते धरायचे? नदीचे संगम मला भरवशाचे वाटत नाहीत, पात्र सरकतं. बोगद्यांची तोंडं धरावीत की त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे डोंगरमाथे? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा, कमीत कमी किती बिंदू घेतलेत तेही.