सीट सरकवली की एअरबॅगचा दिवा: प्रीटेन्शनर खराब की वायरिंग?

निळीछत्री:
किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा नेहमीसारखा काही सेकंद लागून विझतो. पण गाडी चालू असताना मधेच परत पेटतो आणि इंजिन बंद करेपर्यंत जात नाही. साध्या ओबीडी रीडरवर (गाडीचे बिघाड-कोड दाखवणारं यंत्र) काही दिसेना. एसआरएस, म्हणजे एअरबॅग यंत्रणा, वाचणारा स्कॅनर लावला तेव्हा कोड आला: ड्रायव्हरच्या बकलचा प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट आवळणारा भाग), रेझिस्टन्स जास्त. जिथे गाडी दाखवली तिथे काही न उघडताच "बकल बदलून टाका" म्हणाले. ही गाडी मी आणि बायको दोघं चालवतो, उंचीत बराच फरक, त्यामुळे सीट रोज पुढे-मागे होते. दिवा बहुतेक वेळा सीट सरकवल्यावरच लागतो. माझ्याकडे चांगला डिजिटल मीटर आहे. सीटखालचा पिवळा कपलर (वायरचा जोड) काढून प्रीटेन्शनरचे ओहम मोजले तर चालेल का?

जुनावायरमन:
नाही. मीटर कितीही चांगला असो, प्रीटेन्शनरच्या पिनांना लावायचा नाही. आत बारीक तारेचा इग्नायटर आहे आणि त्याला लागून स्फोटक दारू. साधारण सव्वा अँपिअर करंट दोन मिलिसेकंद मिळाला की तो उडतो. ओहमवर ठेवलेला मीटर स्वतःच्या बॅटरीतून करंट सोडतोच. एरवी तो फारच थोडा असतो, पण मीटर बिघडलेला असेल किंवा बटण चुकीच्या जागी असेल तर काय होईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. उडाला तर बकल झटक्यात खाली खेचलं जातं, आणि तुमचा हात नेमका तिथेच असणार.

आता कोड काय सांगतो ते बघा. इग्नायटरचा रेझिस्टन्स असतो जेमतेम दोन ओहम. एअरबॅगचं मोड्यूल (कंट्रोल युनिट) सतत अगदी थोडा करंट सोडून तो तपासत असतो. जोडात एक-दोन ओहम वाढले तरी त्याला ते खपत नाही. म्हणजे "रेझिस्टन्स जास्त" हा कोड प्रीटेन्शनर मेल्याचा दाखला नाही. मोड्यूलपासून इग्नायटरपर्यंतच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे, एवढंच तो सांगतो. सीट सरकवल्यावर दिवा लागतो हे तुम्ही स्वतःच टिपलंय, त्यामुळे माझा पहिला संशय सीटखालच्या कपलरवर आणि तिथल्या वायरच्या लांबीवर.

करायचं असं. इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढून बाजूला बांधून ठेवा. मोड्यूलमधल्या कॅपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, म्हणून गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. मॅन्युअल हाताशी नसेल तर दहा मिनिटं. कपलरला हात लावायच्या आधी बॉडीच्या उघड्या लोखंडाला हात टेकवा. मग लॉक उचलून कपलर काढा आणि वायरिंगच्या बाजूला, प्रीटेन्शनरच्या जागी, दोन ओहमचा डमी लोड (तपासणीपुरता रेझिस्टर) लावा. डमीला त्याच मापाच्या पिना हव्यात. कागदाची क्लिप किंवा जाड तार खुपसली की आतली स्प्रिंग फाकते आणि नसलेला दोष तयार होतो.

बॅटरी जोडा, कोड पुसा, इग्निशन चालू करून सीट या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवा. कोड परत आला तर प्रीटेन्शनर निर्दोष, दोष वायरिंगमध्ये. नाही आला तर कपलरची प्रीटेन्शनरकडची बाजू किंवा खुद्द प्रीटेन्शनर. स्कॅनर त्या लूपचे ओहम जिवंत दाखवत असेल तर फारच बरं: सीट सरकताना आकडा कुठे उडी मारतो ते समोर दिसतं.

पाना१०:
एवढा खटाटोप कशाला? तोच दोन ओहमचा रेझिस्टर कायमचा लावून टाका. दिवा जातो, बेल्ट तर लागतोच.

जुनावायरमन:
पाना१०, हे कृपा करून कोणाला सांगू नका. धडकेच्या क्षणी प्रीटेन्शनर बेल्टमधली ढिलाई काढून माणसाला सीटला घट्ट धरतो, आणि एअरबॅग त्याच हिशोबाने उघडते. रेझिस्टर लावला की मोड्यूल करंट सोडणार तो रेझिस्टरमध्ये, आणि चालवणारा ढिल्या बेल्टसकट पुढे जाणार. दिवा लागलेला असला तर निदान माणसाला कळतं तरी. उद्या ती गाडी दुसऱ्याने घेतली तर त्याला काहीच कळणार नाही. डमी तपासणीपुरता, तपासणी संपली की बाहेर.

निळीछत्री:
दादा, सांगितलं तसंच केलं. डमी लावूनही सीट पूर्ण मागे गेली की कोड येतो. बॅटरी काढून, थांबून, टॉर्चने खाली बघितलं. हार्नेसची (वायरच्या जुडग्याची) क्लिप रनरजवळ (सीट सरकते त्या पट्टीजवळ) तुटली आहे, त्यामुळे सीट मागे गेली की वायर ताणली जाते. कपलरच्या गाडीकडच्या भागात एक पिन दुसरीपेक्षा थोडी आत गेलेली दिसते. वायर हळूच ओढली की ती अजून मागे सरकते. आता मोड्यूलपर्यंतची वायर मीटरने तपासू का?

जुनावायरमन:
सापडला दोष. पिनेला जागेवर अडकवून ठेवणारी जीभ सुटली आहे, म्हणून ताण आला की ती मागे जाते आणि स्पर्श अर्धवट राहतो.

वायर मोजायची तर दोन्ही टोकं सोडवून, म्हणजे मोड्यूलचा कपलरही काढून. त्यातही एक गोष्ट लक्षात ठेवा: बऱ्याच गाड्यांत कपलर सुटला की आतली छोटी पट्टी दोन्ही तारा एकमेकींना जोडते, स्थिर विजेने काही उडू नये म्हणून. मीटरवर शॉर्ट दिसेल, तो दोष नव्हे. पण तुमच्या बाबतीत आधी पिन नीट करा, मोजायची वेळ बहुधा येणारच नाही.

जीभ शाबूत असेल तर पिन काढून जीभ हलकेच वर करा आणि "टक" होईपर्यंत परत बसवा. मोडली असेल तर कंपनीची तयार पिन-वायर किंवा पूर्ण कपलर मिळतो, तो मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जोडणीनेच लावा. पिनांना सँडपेपर लावू नका. बहुतेकांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो, तो गेला की थोड्याच दिवसांत गंज धरतो. नवीन क्लिप बसवताना सीट पूर्ण मागे घ्या आणि त्या स्थितीत वायरला थोडी सैल जागा सोडा. क्लिप न बसवता नुसती पिन दुरुस्त केलीत तर ती पुन्हा ओढली जाईल.

कपलर जोडून, दुय्यम लॉक दाबून, मगच बॅटरी लावा. पहिल्यांदा इग्निशन चालू करताना सीटवर कोणी नको. कोड पुसा, सीट पुढे-मागे करा. नंतर बेल्ट लावून डॅशबोर्डवरचं बेल्टचं चिन्हही विझतं का ते बघा. बकल स्विचच्या तारा अनेकदा त्याच हार्नेसमधून जातात, त्यांनाही तोच ताण बसलेला असणार.