मेन शाखेला कुलूप: शिस्त की आडकाठी?

बोंडअळी_मेहकर
काल मेंटेनरदादांनी (कोड सांभाळणारे) बाजारभाव ॲपच्या रिपोवर, म्हणजे कोडच्या सामायिक कोठारावर, फर्मान काढलं. मेनवर, म्हणजे मुख्य शाखेवर, थेट पुश (बदल चढवणं) बंद, प्रत्येकाने फोर्क (स्वतःची प्रत) करून पीआर (बदल घ्या अशी विनंती) द्यायचा, रिव्ह्यूशिवाय मर्ज नाही, टूएफए (पासवर्डसोबत दुसरा कोड) सक्तीचं. वर हे: "ज्यांना नियम वाचायला वेळ नाही त्यांनी कोडला हात लावू नये." हे वाक्य डोक्यात गेलं म्हणून लिहितोय.

दादा, नियम वाचले. पान उघडतं, क्लोन (सगळी रिपो उतरवून घेणं) पुरा होत नाही. रिपो पावणेदोन जीबीची. त्यात कोड मूठभर, बाकी कोणीतरी कधीकाळी टाकलेले पावत्यांचे स्कॅन आणि ॲपच्या जुन्या एपीके फाइली. त्या डिलीट केल्या म्हणता, पण गिटच्या (बदलांची नोंद ठेवणारं साधन) इतिहासात बसल्यात ना? क्लोनबरोबर सगळं उतरतं. मध्येच लाइट जाते, टॉवरची बॅटरी मेलेली, नेट गायब. आणि गिट क्लोन तुटला की पुन्हा शून्यापासून.

दुरुस्ती केवढी? आमच्या बाजार समितीच्या सोयाबीनमध्ये कमाल दर आणि सर्वसाधारण दर यांचे रकाने उलटे पडलेत. एका ओळीचं काम. लोक सर्वसाधारण म्हणून कमाल पाहतात, गाडी भरतात, आणि लिलावात आडत्याशी भांडतात. आधी मी असलं तिथल्या तिथे पुश करून मोकळा व्हायचो.

रीबेस_पुसद
"तिथल्या तिथे पुश", हाच तर रोग आहे. मार्च २०२४ चं एक्सझेड (लिनक्सवरचं फाइली दाबायचं साधन) प्रकरण विसरलास? "जिया टॅन" नावाच्या कुणीतरी दोनेक वर्षं चांगले पॅच (कोडच्या दुरुस्त्या) दिले, एकट्या, थकलेल्या मेंटेनरचा विश्वास कमावला, अधिकार मिळवले आणि आवृत्ती ५.६.० व ५.६.१ मध्ये मागचं दार बसवलं. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएच (दूरच्या संगणकात शिरायची सोय) लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय हे खटकलं, म्हणून सापडलं. भाव पाहून लोक गाडी भरतात हे तूच सांगतोस. मग तर कुलूप पाहिजेच.

तुरीच्या_शेंगा
एक्सझेड काहून आनता बाप्पा मधात? थो तं सोताच मेंटेनर झालता, त्याले रिव्ह्यू कोन मागनार? आन् दार उघडनारा तुकडा तं रिपोत नव्हताच, रिलीजच्या टारबॉलमधी (बांधून दिलेल्या गठ्ठ्यामधी) होता. तुमच्या कुलपानं थो अडला असता का? उगाच मोठं नाव घेऊन गरिबाले भेव दाखवून रायले.

रीबेस_पुसद
चाचणीच्या फाइली म्हणून लपवलेला माल रिपोतच होता. अर्धंच वाचायचं आणि शिकवायला यायचं.

सेतूवाला_भाऊ
मेंटेनरची बाजू घेतो, शिव्या खायची तयारी आहे. पीआरची रांग बघितली का कोणी? २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (पीआर दिले की टी-शर्ट देणारा उपक्रम) टी-शर्टसाठी लोकांनी रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलीत) "अमेझिंग प्रोजेक्ट" घुसवून जगभरच्या मेंटेनरांना वात आणला होता. शेवटी आयोजकांना मध्येच नियम बदलावा लागला, होकार देणाऱ्या प्रकल्पांचेच पीआर मोजायचे म्हणून. आमच्याकडे एका कॉलेजने प्रोजेक्टच्या मार्कांसाठी पोरांना हेच लावलंय. एकाने स्वतःचं नाव टाकलं, दुसऱ्याने त्याच्या खाली टाकलं, आता दोघांचा कॉन्फ्लिक्ट मी सोडवतो. फुकटात.

बोंडअळी_मेहकर
मग त्या पोरांना अडवा ना. माझा टूएफएचा ओटीपी येत नाही त्याचं काय?

रीबेस_पुसद
एसएमएस कशाला हवा? ऑथेंटिकेटर ॲप टाक. एकदा जोडलं की कोड फोनवरच तयार होतो, रेंज लागत नाही. फोनचं घड्याळ तेवढं बरोबर ठेव.

बोंडअळी_मेहकर
वा. हे नियमांच्या फाइलीत लिहिलं असतं तर शाई संपली असती का?

हक्काचं_पाणी
मूळ दुखणं कोणी बोलत नाही. विदर्भाला महाराष्ट्रात आणणारा १९५३ चा नागपूर करार घ्या, प्रादेशिक अनुशेषावरचा १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल घ्या. विदर्भात सिंचन, रस्ते, वीज, सगळ्याचा अनुशेष. तोच आता नेटचा. नियम करणारे पुण्यात फायबरवर बसतात.

रीबेस_पुसद
मी पुसदला बसतो. नावात लिहिलंय.

हक्काचं_पाणी
पुसदवाल्यांनी तर अनुशेषावर बोलूच नये. वसंतराव आणि सुधाकरराव नाईक, दोन-दोन मुख्यमंत्री तुमचेच.

रीबेस_पुसद
मुख्यमंत्री दिले म्हणून माझ्या घरात फायबर आली का? वर्धा-नांदेड रेल्वेचं काय झालं ते विचार आधी.

तुरीच्या_शेंगा
रेल्वेचं नावच नोका काढू. शकुंतला, आमची नॅरोगेज गाडी, बंद पडली तवा कोन बोललं? मूर्तिजापूरच्या टेसनावर आमचा आजा सरकीची पोती उतरवे. आता म्हनतात ब्रॉडगेज करू. करा ना मंग, कोन धरलं तुमाले?

हक्काचं_पाणी
शकुंतलेचा मालकी हक्क परदेशी कंपनीकडे राहिलाच कसा, यावर आधी बोला.

सेतूवाला_भाऊ
अरे, फोर्कवर बोलत होतो आपण! काहीही चाललंय.

बोंडअळी, दोन वाटा आहेत. शॅलो क्लोन कर, डेप्थ १ लावून. शेवटचा कमिट (कोडची शेवटची नोंद) तेवढा उतरतो, जुने स्कॅन येत नाहीत, आणि गिट १.९ पासून तसल्या क्लोनवरून पुशही होतो. नाहीतर ब्राउझरमध्येच फाइल उघडून पेन्सिलवर टिचकी मार. पुशचा अधिकार नसला की गिटहब (रिपो ठेवायची साइट) स्वतःच फोर्क करून पीआरपर्यंत नेतं. एका ओळीला क्लोन लागतोच कशाला?

बोंडअळी_मेहकर
लागतो, कारण मी बदल चालवून बघतो. न बघता रकाने फिरवणाऱ्यानेच तर हा गोंधळ घातलाय. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सचा गाभा) आजही पॅच ईमेलवर जातात, दोन-चार केबीत काम होतं. आपल्याला मात्र फोर्कच पाहिजे.

मेंटेनर_दारव्हा
सगळं वाचलं, रेल्वेसकट. नियम हलणार नाही. मेनवरचं एक चुकीचं पुश रात्रभर दोनशे फोनवर चुकीचा भाव दाखवतं, आणि सकाळी फोन मला येतात, अनुशेषवाल्यांना नाही.

पूर्ण रिपोची बंडल फाइल ठेवतो. कर्नलवालेही ठेवतात. साधी फाइल आहे, तुटली तिथून पुढे उतरते. उतरली की तिच्यावरूनच क्लोन करायचा. इतिहास साफ करायला मला सांगू नका. कमिटचे हॅश (ओळखक्रमांक) बदलतात, मग सगळ्यांनाच नव्याने क्लोन करावं लागेल, आणि तेव्हा हाच बोंडअळी पहिला ओरडेल.

बोंडअळी_मेहकर
ओरडणारच. बंडल उतरवायला लावलंय. पीआर आज येईल किंवा लाइट आल्यावर येईल. टॅब की स्पेस असल्या किरकोळ कारणावरून परत पाठवला तर याच धाग्यावर भेटू.

हक्काचं_पाणी
शकुंतलेवर कोणी उत्तर दिलं नाही, नोंद घ्यावी.